नदीकाठच्या पेटीच्या नोंदी: एक चिप, दोन ड्रायव्हर

१२ मे, सोमवार

तिन्ही पेट्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये आणल्या. एक चिखलीची, एक वडणग्याची आणि एक सुटी. पाऊस सुरू व्हायच्या आत तिन्हींवर नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) चढवून त्या परत काठावर लावायच्या आहेत.

शेडवर येणारी पोरं नेहमी विचारतात म्हणून पेटीचं काम इथे एकदाच लिहून ठेवतो. नदीत एक दाब मोजणारा प्रोब सोडलेला आहे. पेटीत हवेचा दाब मोजणारी चिप आहे. प्रोबच्या दाबातून हवेचा दाब वजा केला की डोक्यावर किती पाणी आहे ते कळतं. पाणी ठरलेल्या खुणेवर आलं की त्या काठाच्या मोटारवाल्यांना मेसेज जातो. राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळं कोल्हापूर बघतं. तिथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. पण शेतकऱ्याची मोटार बुडायला ३९ फूट लागत नाहीत. ती बिचारी कितीतरी खाली, काठाच्या उतारावर बसलेली असते आणि प्रत्येकाची खूण वेगळी. चिखलीचे काका गेल्या वर्षी म्हणाले होते, "मोटार काढायला चार माणसं लागत्यात. रात्री दोनला निरोप आला तरी चालंल, पण यायला पायजे." या प्रकल्पाचं काम एवढंच आहे.

बोर्ड बीगलबोन ब्लॅक, म्हणजे लिनक्स चालवणारा छोटा संगणक. जुना कर्नल ४.४, ज्याची देखभाल २०२२ मध्येच थांबली. नवा ६.६, बिल्डरूट या साधनाने आम्हीच बांधलेला. बोर्डाच्या एकाच आय-टू-सी बसवर (चिपा जोडायच्या सामाईक तारांवर) तीन चिपा: हवेच्या दाबासाठी बीएमपी १८०, प्रोबचं व्होल्टेज वाचायला एडीएस १११५ आणि बॅटरीतून किती करंट जातो ते मोजायला आयएनए २१९.

१४ मे

नव्या कर्नलवर पहिल्या पेटीने पाणी ३१ फूट जास्त दाखवलं. पेटी टेबलावर आणि प्रोब बादलीत.

कारण तासाभरात सापडलं. जुन्या कर्नलमध्ये बीएमपी १८० चा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कर्नलमधला भाग) 'मिस्क' म्हणजे किरकोळ विभागात होता आणि तो दाब पास्कलमध्ये द्यायचा. पुढे आयआयओ, म्हणजे सेन्सरची मापं देणाऱ्या विभागातल्या बीएमपी २८० च्या ड्रायव्हरने ही जुनी चिपही आपल्याकडे घेतली. काही काळ दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्ये शेजारी शेजारी होते आणि एक निवडला की दुसरा निवडता येऊ नये अशी अट केकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधताना काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या यादीत) घातलेली होती. नंतर जुना काढून टाकला. आयआयओच्या नियमाने दाब किलोपास्कलमध्ये येतो. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. आमचा प्रोग्रॅम ९४ हा आकडा पास्कल समजून वजा करत होता, म्हणजे जवळजवळ काहीच वजा होत नव्हतं. ९४ किलोपास्कल म्हणजे साडेनऊ मीटर पाणी, म्हणजेच ३१ फूट. हिशेब जुळला.

एडीएस १११५ चीही तीच गत. आधी एचडब्ल्यूमॉनमध्ये (यंत्राच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या विभागात) ड्रायव्हर होता, मग आयआयओमध्ये जास्त सोयींचा आला, मग एचडब्ल्यूमॉनचा काढला. फाइलचं नाव आणि जागा दोन्ही बदलली. ते दुरुस्त केलं.

हे दोन तंटे कर्नलवाल्यांनी आधीच मिटवलेले आहेत. आपल्याला फक्त नवा पत्ता शिकायचा होता.

१९ मे

तिन्ही पेट्या शेडच्या पत्र्यावर, सोलर पॅनेलसकट, चाचणीला लावल्या. वळवाचा पाऊस झाला, पेट्या कोरड्या राहिल्या.

२३ मे, शुक्रवार

वडणग्याची पेटी पहाटे बंद सापडली. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. मीटर लावून बघितलं तर बॅटरी भरलेली. पेटीच्या लॉगमध्ये मात्र लिहिलेलं: बॅटरी संपत आली, मॉडेम बंद करतो, मग बोर्ड बंद करतो.

लॉगमधला करंट १.८ अँपिअर. एवढा करंट ही पेटी खातच नाही. क्लॅम्प मीटरने मोजला तर ०.१८. बरोबर दहापट.

रीबूट केलं आणि करंट ०.१८ दिसायला लागला. यानेच जास्त काळजी वाटली. एखादी गोष्ट कायम चुकत असेल तर ती पकडता येते. जी रीबूटनंतर सुधारते ती पावसाळ्यात मध्यरात्री परत येणार, हे नक्की.

२४ मे

दिवसभर एकच काम: रीबूट करायचं, करंट लिहून ठेवायचा. ४० वेळा केलं. ३१ वेळा बरोबर, ९ वेळा दहापट. पॉलिटेक्निकच्या पोराने वहीत चौकटी आखून प्रत्येक वेळी आणखी एक गोष्ट टिपली आणि ती फार कामाची ठरली: सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो तिथे) त्या चिपच्या फोल्डरात 'ड्रायव्हर' नावाचा दुवा असतो, तो कुठे जातो. ३१ वेळा तो एचडब्ल्यूमॉनच्या ड्रायव्हरकडे गेला, ९ वेळा आयआयओच्या. एकदाही उलट नाही.

म्हणजे आयएनए २१९ ला दोन मालक आहेत, आणि जो आधी पोचेल त्याची ती.

२५ मे, रविवार

आज शांत बसून वाचलं.

आयएनए २१९ चा एचडब्ल्यूमॉन ड्रायव्हर जुना आहे. त्याचा बाज संथ: व्होल्टेज, करंट, पॉवर, अधूनमधून कोणी वाचेल तसं. आयआयओचा ड्रायव्हर नंतरचा, वेगाने सलग नमुने घेऊन बफरमध्ये भरण्यासाठी लिहिलेला. बोर्ड चालू होताना क्षणाक्षणाला किती वीज खातो हे बघायचं असेल तर तो हवा. दोघेही आपापल्या जागी योग्य. म्हणूनच यातला एक काढून टाकणं इतकं सोपं गेलं नसावं, बीएमपीसारखं.

आयआयओवाल्याच्या केकॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहिलंय की हा ड्रायव्हर आणि एचडब्ल्यूमॉनचा ड्रायव्हर एकमेकांसोबत चालत नाहीत. अटही आहे: एचडब्ल्यूमॉनवाला नसेल तरच हा. मग आमच्याकडे दोघे एकत्र आलेच कसे?

इथे केकॉन्फिगचं गणित नीट समजून घ्यावं लागतं. तिथे 'नाही' म्हणजे ०, 'मॉड्यूल' (वेगळा ठेवलेला, लागेल तेव्हा लोड होणारा) म्हणजे १, 'आत बांधलेला' म्हणजे २. आणि नकार म्हणजे २ मधून वजाबाकी. एचडब्ल्यूमॉनवाला आत बांधलेला असेल तर २ वजा २, शून्य, आयआयओवाल्याला दार बंद. पण तो मॉड्यूल असेल तर २ वजा १ म्हणजे १, आणि आयआयओवालाही मॉड्यूल म्हणून चालतो. आमच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही मॉड्यूल. कर्नलच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, दोन मॉड्यूल डिस्कवर असायला हरकत नसते. एका वेळी कोणतं लोड करायचं ते वापरणाऱ्याने ठरवावं, अशी अपेक्षा आहे. आम्ही ते ठरवलंच नव्हतं.

पुढचं सगळं ओघानेच होतं. कर्नल बसवर चिप आहे असं जाहीर करतो, युडेव्ह (नव्या उपकरणांकडे लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) ते नाव मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणाऱ्याला) देतं आणि मॉडप्रोब त्या नावावर हक्क सांगणारी सगळी मॉड्यूलं लोड करतं. सगळी, एक नव्हे. त्यातलं जे आधी नोंदवलं जातं आणि ज्याला चिप ताब्यात घेणं जमतं त्याला ती मिळते. कर्नलच्या ड्रायव्हर मॉडेलमध्ये एका उपकरणाला एका वेळी एकच ड्रायव्हर. दुसरा लोड होतो, बघतो की मोकळं उपकरण नाही, आणि गप्प बसतो. लॉगमध्ये तक्रारीची एक ओळही येत नाही. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी बघितली तर दोघेही दिसतात, त्यामुळे ती यादी बघून काही कळत नाही. खरं उत्तर त्या 'ड्रायव्हर' दुव्यातच.

२६ मे

दहापट का, तेही कळलं.

आयएनए २१९ करंट थेट मोजत नाही. ती शंटवरचं, म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेल्या छोट्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजते आणि करंट काढायला शंट किती ओहमचा आहे हे ड्रायव्हरला कोणीतरी सांगावं लागतं. आमच्या बोर्डावर 'आर १००' लिहिलेला शंट आहे, म्हणजे ०.१ ओहम. न सांगितल्यास दोन्ही ड्रायव्हर १० मिलिओहम धरतात. शंट खरा दहापट मोठा, म्हणून करंट दहापट दिसतो.

आमची सुरुवातीची स्क्रिप्ट एचडब्ल्यूमॉनच्या फाइलीत शंटची किंमत लिहायची. चिप आयआयओकडे गेली की ती फाइल नसते, लिहिणं फसतं, आणि स्क्रिप्ट पुढे निघून जाते. मग वाचणारा प्रोग्रॅम एचडब्ल्यूमॉन शोधतो, सापडत नाही, तेव्हा आयआयओ शोधतो, सापडतं, आणि आकडा पुढे पाठवतो. ही 'हे नाही तर ते' सोय मीच लिहिली होती. पेटी बंद पडू नये म्हणून. त्याच सोयीमुळे ती बंद पडली.

चिपच्या आतला आकडा दोन्ही वेळा तोच होता हे मला विशेष लक्षात ठेवायचं आहे. आयएनए २१९ च्या कॅलिब्रेशन रजिस्टरात (माप बसवायच्या आतल्या कप्प्यात) दोन्ही ड्रायव्हर ४०९६ हीच किंमत लिहितात. रजिस्टरातून बाहेर येणारी संख्या सारखीच, फक्त तिचा अर्थ लावताना धरलेला शंट वेगळा.

२९ मे

ताईने नवीनच काढलं. तिसरा मालकही आहे.

ताई सर्किटं बघते, तिने दोन वर्षांपूर्वी टेबलावरच्या चाचणीसाठी पायथनची एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती ड्रायव्हरला न विचारता बसवर थेट बोलते. असं सहसा करता येत नाही: ड्रायव्हरने धरलेल्या पत्त्यावर कोणी बाहेरून गेलं तर कर्नल 'व्यस्त' म्हणून परत पाठवतो. आय-टू-सी डिटेक्ट चालवलं की तक्त्यात ४० हेक्सच्या जागी आकड्याऐवजी 'यूयू' दिसतं ते याचसाठी. पण 'फोर्स' म्हटलं की कर्नल बाजूला होतो. ताईच्या स्क्रिप्टमध्ये फोर्स होतं. तेव्हा ड्रायव्हरच नसायचा, त्यामुळे कधी त्रास झाला नाही. ती स्क्रिप्ट इमेजमध्ये (पेटीवर चढवायच्या तयार संचात) राहून गेली आणि दर तासाला चालत होती.

आज आयआयओ ड्रायव्हर अनबाइंड करून, म्हणजे त्याला चिप सोडायला लावून बघितलं. स्क्रिप्ट चालूच होती आणि करंट एकाच आकड्यावर थांबला. दिवा लावला, मॉडेम बंद केलं, आकडा हलेना. आयआयओचा ड्रायव्हर चिप सोडताना तिला झोपवून जातो, कॉन्फिगरेशनमधला मोड शून्य करतो. झोपलेल्या चिपच्या रजिस्टरात शेवटचं माप तसंच राहतं आणि वाचणाऱ्याला ते ताजंच वाटतं.

ताई म्हणाली, "इमेजमधनं काढून टाक. मला लागली तर मी माझ्या टेबलावरच्या बोर्डावर ठेवीन." काढली.

३१ मे

पोराने ब्लॅकलिस्ट करून, म्हणजे मॉड्यूल नको असलेल्यांच्या यादीत टाकून बघू म्हटलं. आयआयओचं मॉड्यूल ब्लॅकलिस्टच्या फाइलीत टाकलं, रीबूट केलं, तरी ते लोड झालेलंच.

ब्लॅकलिस्ट फक्त चिपच्या नावावरून आपोआप होणारं लोडिंग अडवतं. कोणी मॉड्यूलचं नाव घेऊन बोलावलं तर ते येतंच. आमच्या जुन्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तशी एक ओळ निघाली, कधीतरी प्रयोगासाठी घातलेली. ती काढल्यावर ब्लॅकलिस्ट चाललं. पण मी त्याला सांगितलं की आपण यावर थांबायचं नाही. ज्या ड्रायव्हरची आपल्याला गरज नाही तो इमेजमध्येच नको. उद्या कोणी ही फाइल पुसली तर तंटा परत जागा होईल, आणि तेव्हा आपल्यातलं कोणी शेडमध्ये असेलच असं नाही.

२ जून, सोमवार

निवड करायची होती. तासभर चर्चा झाली.

ताईचं म्हणणं: बाकी दोन्ही चिपा आयआयओमध्ये आहेत, तर हीही तिकडेच ठेवू, सगळं एका ठिकाणी. त्यात तथ्य आहे. आयआयओची वाहिनी एचडब्ल्यूमॉनसारखी दाखवणारा पूलही कर्नलमध्ये आहे, डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) दोन-चार ओळी लिहिल्या की झालं. एडीएसचा जुना ड्रायव्हर काढताना कर्नलवाल्यांनी ज्यांना एचडब्ल्यूमॉन हवं त्यांना हाच पूल वापरायला सांगितलं.

माझं म्हणणं: बॅटरीचा करंट आपण मिनिटाला एकदा वाचतो. वेगाने नमुने घ्यायची गरज नाही, बफर नको. एचडब्ल्यूमॉन मिलिअँपिअरमध्ये थेट आकडा देतो, आपल्या बाजूने गुणाकार करावा लागत नाही. आणि आपल्या सगळ्या जुन्या नोंदी त्याच वाटेने आल्यात, त्यांच्याशी ताडून बघता येईल.

शेवटी एचडब्ल्यूमॉन ठरलं. ताई म्हणाली, "ठीक आहे, पण शंट डिव्हाइस ट्रीत लिही. स्क्रिप्टमध्ये नको." हे तिचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त मोलाचं होतं. डिव्हाइस ट्रीत शंटची किंमत मायक्रोओहममध्ये एकदा लिहिली की चिप ताब्यात घेतानाच ड्रायव्हरला ती मिळते, मग मधे फसायला काही उरत नाही. १००००० लिहिलं. शून्यं दोघांनी वेगवेगळी मोजली.

५ जून

केलेले बदल:

कर्नल कॉन्फिगमधून आयआयओचा आयएनए ड्रायव्हर काढला, आणि एचडब्ल्यूमॉनचा मॉड्यूल न ठेवता आत बांधला. आता केकॉन्फिगचं गणितही आपल्या बाजूने आहे. उद्या कोणी आयआयओवाला परत चालू करायला गेलं तर पर्यायच दिसणार नाही.

वाचणाऱ्या प्रोग्रॅममधली 'हे नाही तर ते' काढली. आता तो आधी चिपचा 'ड्रायव्हर' दुवा बघतो. तिथे अपेक्षित नाव नसेल तर 'करंट मोजता येत नाही' असा मेसेज आमच्या फोनवर पाठवतो आणि बॅटरीचा हिशेब सोडून फक्त व्होल्टेजवर चालतो. कोणत्याही अंदाजाच्या आकड्यावर मॉडेम बंद करायचं नाही. एचडब्ल्यूमॉनचा क्रमांकही गृहीत धरत नाही. तो बूटप्रमाणे बदलू शकतो, म्हणून आतल्या 'नाव' फाइलीवरून शोधतो.

बिल्डमध्ये एक तपासणी घातली. डिव्हाइस ट्रीतल्या प्रत्येक चिपच्या नावावर किती ड्रायव्हर हक्क सांगतात ते मॉड्यूलांच्या अलियासच्या (कोणतं मॉड्यूल कोणत्या नावावर हक्क सांगतं त्याच्या) यादीतून आणि आत बांधलेल्यांच्या यादीतून मोजायचं. एकापेक्षा जास्त निघाले तर बिल्ड थांबतो आणि दोघांची नावं छापतो. ही कल्पना पोराची. चाळीस रीबूटची वही त्यानेच भरली होती, त्यामुळे त्याला ती सुचणं साहजिक आहे. जुन्या कॉन्फिगवर चालवून बघितलं: आयएनएच्या नावावर दोन, बिल्ड थांबला. नव्यावर गेला.

७ जून

परत ४० रीबूट. चाळीसही वेळा एचडब्ल्यूमॉन, चाळीसही वेळा ०.१७ ते ०.१९ च्या मधे. वही पोराकडेच ठेवायला दिली.

१० जून

चिखलीला पेटी लावली. रस्ता चिखलाने भरलेला, नदी अजून पात्रात. संगमाच्या बाजूला पाणी गढूळ व्हायला लागलंय. काकांनी मोटारीच्या खांबावर विटेने ओढलेली खूण दाखवली, इथंवर आलं की काढायची. ती खूण पेटीत भरली.

काकांनी विचारलं, "गेल्या साली एकदा तुमचा निरोपच आला न्हाई. काय झालतं?" जुन्या कर्नलवरचं ते वेगळं कारण होतं, मॉडेमचं, ते त्यांना सांगितलं. मग या वेळी काय निघालं तेही सांगितलं: चिप एक आणि तिला चालवणारे दोन, आणि कोण चालवणार ते कुणी ठरवलंच नव्हतं. ते लगेच म्हणाले, "मग बांधावर भांडण हुणारच की."

१३ जून, शुक्रवार

वडणग्याची पेटीही लागली. तीन दिवस सूर्य नाही, बॅटरी १२.३ व्होल्टवर. करंटचा हिशेब क्लॅम्प मीटरशी जुळतो.

१७ जून

पहाटे चिखलीच्या पेटीने पहिला मेसेज पाठवला, पाणी खुणेच्या दोन फूट खाली. हा आधीचा सावधानीचा मेसेज आहे, मोटार काढायचा नव्हे. काकांचा फोन सहाला आला. आकडा बरोबर आहे, ते स्वतः जाऊन बघून आले होते.

सुट्या पेटीतला आयएनए बोर्ड नवीन आणलेला आहे. त्याच्या शंटवरही 'आर १००' छापलंय, तरी लावायच्या आधी ताई मोजणार आहे. मोजल्यावर किंमत इथे लिहीन.